कोकणात पहिली जमीन घेताय?

"समुद्र दिसतो आणि स्वस्त आहे" एवढ्यावर इसार देऊ नका. आधी सातबारा काढा आणि त्यावरची नावं मोजा. इथे दहा गुंठ्यांवर पंधरा सहहिस्सेदार सहज निघतात. निम्मे मुंबईत, एखादी आत्या सासरी. तिची सही राहिली, तर खरेदीखत होऊनही दावा उभा राहतो. एजंट "ते बघून घेऊ" म्हणाला की तिथेच थांबा. जुने फेरफार (हक्कबदलाच्या नोंदी) तपासा, वकिलाकडून 30 वर्षांचा सर्च रिपोर्ट (जागेच्या जुन्या व्यवहारांचा तपास) घ्या. कुळाचं (दुसऱ्याची जमीन कसणाऱ्याचं) नाव, भोगवटादार वर्ग 2 (विक्रीवर सरकारी बंधनं असलेली जमीन) किंवा खाजगी वनाचा शेरा दिसला, तर नवख्याने सरळ दुसरी जागा शोधावी.

बाकी थोडक्यात:

- शेतकरी नसाल, तर कूळ कायद्याच्या कलम 63 मुळे शेतजमीन थेट घेता येत नाही.
- सरकारी मोजणी करून घ्या. गडगा (दगडी कुंपण) म्हणजे हद्द असेलच असं नाही.
- पायवाट म्हणजे गाडीरस्ता नव्हे. रस्ता नकाशावर हवा.
- किनाऱ्यालगत सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्राचा नियम) लागतो. ग्रामीण भागात भरतीरेषेपासून 200 मीटरपर्यंत बांधकाम अडकू शकतं.

जागा एकदा मे महिन्यात बघा (विहिरीचं खरं पाणी तेव्हाच कळतं) आणि एकदा जुलैच्या पावसात. बिगरशेती, कर्ज, होमस्टे हे सगळं नंतर.