चिंचेचा पाला आणि आठ वर्षांचा नायक

प्रश्न : माझ्या कथेतला आठ वर्षांचा मुलगा तानसेनाच्या समाधीजवळच्या चिंचेचा पाला खातो आणि आता आपल्याला काहीच होऊ शकत नाही, असे त्याला वाटू लागते. परिचितांना मात्र ही कथा न वाटता आठवण वाटते. काय चुकले असावे?
– एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर : आपण पाठवलेला मसुदा दोनदा वाचला. त्या चिंचेच्या पाल्याने गळा गोड होतो, ही समजूत आपल्या गावात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे आणि लहानपणी मीही तो आंबट पाला मोठ्या श्रद्धेने चावला आहे, त्यामुळे कथेच्या बीजाविषयी मला शंका नाही. अडचण आहे ती ‘तेव्हा मला कुठे ठाऊक होते’ या वाक्याची. ते चार वेळा येते आणि दर वेळी मुलाला बाजूला सारून एक पोक्त गृहस्थ बोलू लागतो.

‘मी अजिंक्य आहे’ असे मूल मनाशी म्हणत नाही; पडण्याचा विचारच त्याच्या मनाला शिवत नाही. म्हणून तो शब्द गाळावा आणि ग्वाल्हेर किल्ल्याच्या उरवाई दरवाजाकडील चढावर, कड्यात कोरलेल्या प्रचंड तीर्थंकरमूर्तींकडे पाहत, खिशातला पाला चाचपत त्याला कठड्यावरून चालू द्यावे.

वयाचाही विचार व्हावा. चंद्र आपल्यामागून चालतो, असे लहान मुलांना खरोखर वाटते, हे बालमानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी नोंदवले आहे. आठव्या वर्षी ही श्रद्धा डळमळू लागलेली असते, आणि आपल्या कथेचे खरे धन मला तिथेच दिसते : असा मुलगा विश्वास ठेवतो, पण तपासूनही पाहतो, पाला खाऊन आजीसमोर गातो आणि तिच्या चेहऱ्यावरून नजर हलवत नाही. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड एल्काइंड यांनी 1967 साली वर्णिलेली ‘मला काही होणार नाही’ ही किशोरवयीन भावना निराळी; तिला सतत कोणीतरी पाहणारे लागते.

शेवटी हात मोडतो, तो प्रसंग कृपया काढून टाकावा, कारण त्यात मुलाच्या विस्मयाला शिक्षा होते. धाकट्या बहिणीला तो आपल्यातला अर्धा पाला मोजून देतो, ही आपल्याच मसुद्यात एका ओळीत उरकलेली घटना सावकाश लिहावी आणि कथा तिथेच थांबवून पाहावी.