त्याला तुझ्याकडे बघू दे

प्रिय लेकरा,

प्रभूमध्ये सलाम.

रविवारी उपासना सुटल्यावर, चपला शोधता शोधता तू विचारलंस, "काका, देव माझ्यावर प्रीती करतो हे पाठ आहे, पण आत काही हलत नाही. दहा मिनिटांत मागण्या संपतात. मग बसून काय करायचं?" मागं माणसं खोळंबली होती, म्हणून मी नुसतं "बघू" म्हणालो.

मागण्या संपतात हे बरंच आहे. माझ्या वीस वर्षं संपल्या नाहीत. बेळगावच्या वडगावात मागावर होतो तेव्हा पहाटे गुडघे टेकायचो आणि रेशनची यादी वाचावी तसं वाचत सुटायचो: पोरीची फी, मालकाकडची उचल, आईचा दमा. आमेन म्हटलं की उठून कामावर. समोरच्याला काही बोलायचंय का, हे बघायला कधी थांबलो नाही.

थांबायला शिकवलं ते कॅम्पातल्या एका म्हाताऱ्या फादरांनी. आपल्या मंडळीतल्या काहींनी नाक मुरडलं, कॅथलिकांकडं कशाला जातोस म्हणून. मुरडू देत. फादर शिकवायचे ते इग्नेशियस लोयोलाचं. हा मूळचा शिपाईगडी. 1521 मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्यानं पाय मोडला आणि अंथरुणावर पडल्या पडल्या ख्रिस्ताचं चरित्र वाचता वाचता माणूस पालटला. प्रार्थना कशी करावी याचं त्यानं लिहिलेलं पुस्तक 1548 मध्ये छापलं गेलं. त्यातली एक बारकी सूचना मी तीस वर्षं वापरतोय. प्रार्थनेच्या जागेच्या एक-दोन पावलं अलीकडं उभं राहायचं, 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' ही सगळी प्रार्थना म्हणायला लागेल तेवढा वेळ, आणि देव माझ्याकडं कसा बघतोय ते मनात आणायचं. मी त्याच्याकडं कसा बघतो, ते नंतर.

टिळकवाडीतल्या तुझ्या खोलीत दोन पावलं टाकली की भिंत लागते, ठाऊक आहे. दाराशी उभा राहा आणि कॉटवर बस. तेवढं अंतर पुरतं.

मग मार्कच्या शुभवर्तमानाचा दहावा अध्याय काढ, ओवी 17 ते 22. तो श्रीमंत तरुण धावत येऊन येशूपुढं गुडघे टेकतो, तो भाग. मत्तय आणि लूक हीच गोष्ट सांगतात, पण येशूनं त्याच्याकडं बघितलं आणि त्याच्यावर प्रीती केली, हे एकट्या मार्कनं लिहिलंय. मोठ्यानं वाच, सावकाश, दोनदा. मग पुस्तक मिट आणि त्या जागी तू गुडघे टेकलेत असं धर. रस्ता यहूदीयातलाच पाहिजे असं नाही. मला तो नेहमी खानापूरकडं जाणारा दिसतो, पाऊस नुकताच थांबलेला, कडेला लाल चिखल. येशू थांबलाय. अजून काही सांगितलेलं नाही, काही मागितलेलं नाही. नुसता बघतोय. तिथंच राहा. पुढच्या ओवीला जायची घाई करू नको. पुढं तो तरुण खिन्न होऊन निघून जाणार आहे, हे येशूला ठाऊक नसेल का? तरी प्रीती आधी केली. या एका ठिकाणी मी एकदा सलग सतरा दिवस बसलो होतो.

बसलास की मन पळणार. परीक्षा, मोबाईल, बसचा पास. त्याचं वाईट वाटून घेऊ नको. मागावर ताण्यातला एक धागा तुटला की कापडात उभी रेघ पडत जाते. विणकर काय करतो? माग थांबवतो, तुटलेलं टोक शोधतो, सांधतो, परत चालू. धाग्याला शिव्या देत बसला तर दिवसाचं कापड व्हायचं नाही. तूही मनाला परत त्या रस्त्यावर आण, बस्स. वीस मिनिटांत चाळीस वेळा आणावं लागलं तर चाळीस वेळा.

आणि मन मुळीच लागलं नाही, सगळं कोरडं गेलं, तर लवकर उठू नको. ठरवल्यापेक्षा दोन मिनिटं जास्तच बस. हेही इग्नेशियसचंच. मला पहिल्यांदा हे हट्टीपणाचं वाटलं होतं.

एक गोष्ट चपलांपाशी बोलण्यासारखी नव्हती. 'देव पिता आहे' म्हटलं की तुझा चेहरा आक्रसतो, हे मी पाहिलंय. माझाही आक्रसायचा. आमचे वडील मारकुटे. लूकच्या पंधराव्या अध्यायातला बाप घरी परत येणाऱ्या लेकराला लांबून बघून धावत सुटतो, तिथं मी अडून बसायचो, कारण आमच्या घरात बाप धावला की आम्ही लपायचो. फादरांनी ते सोडून द्यायला सांगितलं आणि स्तोत्र 131 हातात दिलं. तीनच ओव्या. दूध तुटलेलं मूल आईजवळ निवांत आहे, एवढंच चित्र. दूध पिणारं नव्हे, तुटलेलं. म्हणजे त्याला आता आईकडून काही नकोय, तरी ते तिथंच टेकून आहे. माझी यादी त्या दिवशी सुटली. बापाच्या गोष्टीकडं मी सात वर्षांनी परत गेलो. तुला किती लागतील ते लागोत.

मोबाईलवर ध्यानाची रेकॉर्डिंगं ऐकतोस म्हणालास. ऐक, पण त्यातलं संगीत फार गोड असतं आणि मग डोळ्यांत पाणी आलं ते कशानं, हेच कळत नाही. शिवाय तो बोलणारा मधेच समुद्रकिनारा आणतो.

त्यापेक्षा आपल्याकडं एक सोय आहे, ती वापर. मराठी शास्त्रात, म्हणजे बायबलात, 'देव प्रीती आहे' वाचून झालं की शेजारच्या बाकावरचं कानडी शास्त्र उघड, योहानाचं पहिलं पत्र, अध्याय चार, ओवी आठ. तिथं 'प्रीतिस्वरूपी' आहे. मराठीत प्रीती हा शब्द आता देवळात आणि लग्नपत्रिकेत उरलाय. कानड्यात मात्र पोरं बाजारात, बसस्टँडवर रोज बोलतात. तिकडून ऐकला की तोच शब्द पुन्हा घरचा होतो. बोर्डांवरच्या अक्षरांवरून भांडणाऱ्यांना हे सांगून उपयोग नाही, तुला सांगतो.

उठण्याआधी वहीत एक ओळ लिही: आज कुठं थांबलो. चांगलं वाटलं की नाही, ते लिहू नको.

इग्नेशियस प्रीतीच्या ध्यानाला सुरुवात करतानाच बजावतो की प्रीती शब्दांपेक्षा कृतीत दिसावी. तुझ्या खोलीतल्या त्या अथणीच्या पोराला तीन दिवस ताप आहे म्हणालास. बुधवारी माझ्याकडं यायचं ठरलंय ते राहू दे, गुरुवारी ये. बुधवारी त्याला पेज करून दे. त्याला पेज कळली नाही तर गंजी म्हण. मीठ जरा जास्त घाल, तापात तोंडाला चव नसते.

तुझे,
वडगावचे काका