नव्वदला थरथरतं, एकशे पंधराला शांत होतं

प्रश्न : माझी २०१९ ची पेट्रोल हॅचबॅक आहे, ४६ हजार किलोमीटर झाले. टायर कंपनीचेच, १८५/६५ आर १५. कामासाठी नागपूरहून छत्रपती संभाजीनगरला समृद्धीने जाणं-येणं असतं. ताशी ९० च्या पुढे गेलं की स्टेअरिंग थरथरायला लागतं, १०० ला सर्वात जास्त, ११५ ला बरंच कमी होतं. शहरात काहीच जाणवत नाही. ब्रेक लावला तरी वाढत नाही. दोनदा व्हील अलाइनमेंट करून घेतलं, फरक शून्य. आता गॅरेजवाला म्हणतो लोअर आर्म, टाय रॉड एन्ड आणि स्टेअरिंग रॅक, तिन्ही बदला. २४ हजारांचं एस्टिमेट दिलंय. काय करू?
ता. क. दिवाळीआधी पुढच्या दोन्ही टायरांत पंक्चर न होण्याचं जेल भरून घेतलंय. आणि रविवारी भिवापूरच्या शेतावर हीच गाडी नेतो.
— एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : भाऊ, २४ हजार सध्या खिशातच राहू द्या. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तुम्हीच लिहून पाठवलंय, फक्त ते ता. क. मध्ये टाकलंय. गॅरेजवाल्याला या दोन गोष्टी सांगितल्या होत्या का? नसतीलच सांगितल्या. आणि त्यानेही विचारल्या नसतील.

आधी वेगाचं बघू. झिजलेला बॉल जॉइंट (लोअर आर्मला चाकाशी जोडणारा सांधा) किंवा टाय रॉड एन्ड (स्टेअरिंगची ओढ चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याचं टोक) ९० ते ११० एवढाच वेग पकडून बसत नाही. तो खड्ड्यात खटखट करतो, स्पीड ब्रेकरवर आवाज देतो, स्टेअरिंगमध्ये ढिलाई आणतो. ठरावीक वेगाला सुरू होऊन पुढे ओसरणारी थरथर ही बहुतेक वेळा फिरणाऱ्या वस्तूची असते, म्हणजे चाकाची. तुमच्या मापाच्या टायरचा घेर साधारण १.९५ मीटर. ताशी १०० ला ते चाक सेकंदाला १४ वेळा फिरतं. रिमच्या कडेला एका बाजूला ३० ग्रॅम जास्त असेल, तर त्या वेगाला ते साडेचार किलोच्या आसपास जोर लावतं, तोही सेकंदाला १४ वेळा, कधी वर कधी खाली. ताशी ५० ला हाच जोर जेमतेम सव्वा किलो भरतो, म्हणून शहरात तुम्हाला पत्ता लागत नाही. पुढे ११५ ला कमी का होतं? पुढच्या सस्पेन्शनला आणि स्टेअरिंगला स्वतःची हलण्याची एक गती असते. चाकाचे फेरे तिच्याशी जुळले की थरथर वाढते, पुढे गेले की ती गाठ सुटते. बिघाड तिथेच असतो, हाताला कमी लागतो एवढंच. तेव्हा 'एकशे पंधराला तर मक्खन चालते' म्हणून तो वेग धरून बसू नका. समृद्धीवर कारला १२० ची मुभा आहे, पण ती निरोगी चाकांसाठी.

आता अलाइनमेंट. ही गल्लत नागपुरात जवळजवळ प्रत्येक जण करतो, कारण पाटीवर 'अलाइनमेंट बॅलन्सिंग' एका दमात लिहिलेलं असतं. अलाइनमेंट म्हणजे चाकं कोणत्या कोनात उभी आहेत ते. ते बिघडलं तर गाडी एका बाजूला ओढते, सरळ रस्त्यावर स्टेअरिंग तिरपं राहतं, टायर एका कडेने खाल्ला जातो. थरथर हे काही त्याचं थेट लक्षण नाही. बॅलन्सिंग म्हणजे चाक गाडीवरून उतरवून मशीनवर फिरवणं आणि हलक्या जागी वेट लावणं. तुमची दोन्ही बिलं काढून बघा. अलाइनमेंटसाठी चाकं उतरवावी लागत नाहीत. त्या दिवशी नट खोलताना तुम्ही पाहिलं नसेल, तर बॅलन्सिंग झालेलंच नाही.

आता ता. क. जेल आधी घेतो. ते द्रव आहे, गाडी उभी राहिली की टायरच्या तळाशी जमतं. काही दिवसांनी त्याचे थर ठिकठिकाणी सुकतात. असं चाक मशीनवर लावलं की पहिल्यांदा २५ ग्रॅम दाखवतं, पुन्हा फिरवलं की ४०, तिसऱ्यांदा दुसरीच जागा. कारागीर वैतागतो, कुठेतरी वेट ठोकतो आणि देऊन टाकतो. सरळ टायर काढायला लावा, आतलं जेल पाण्याने धुवून पुसून घ्या, रिमचा आतला भागही कोरडा करा. पंक्चरची एवढी भीती असेल तर स्टेपनीची हवा बघत जा. बहुतेकांच्या स्टेपनीत हवाच नसते, हा माझा रोजचा अनुभव आहे.

दुसरं भिवापूरचं शेत. आपल्याकडची काळी माती म्हणजे काय चीज आहे ते पावसाळ्यात चप्पल घालून बांधावर गेलेल्याला सांगायला नको. ती रिमच्या आतल्या बाजूला, ब्रेककडच्या अंगाला, चिकटते आणि वाळली की दगड होते. बाहेरून गाडी धुतली, अलॉय चकाचक केले, तरी आत पाव किलोचा पापुद्रा तसाच. असं एक चाक अलीकडेच माझ्याकडे आलं होतं. मशीनने ७० ग्रॅम दाखवले. पोराने वेट कापायला घेतलं, मी म्हटलं थांब, आत बोट घाल. पेचकसाने खरवडलं तर ढेकळाच्या चपट्या वड्या निघाल्या, त्यात वाळलेलं गवतसुद्धा. धुवून पुन्हा फिरवलं तर १० वर आलं. मातीवर वेट लावून बॅलन्स केलं असतं, तर आठ दिवसांत माती गळून पडली असती आणि तेच वेट थरथरीचं कारण झालं असतं.

तर क्रम असा ठेवा. चारही चाकं उतरवून आतून धुवायची. पुढच्यांतलं जेल काढायचं. मग बॅलन्सिंग, आणि ते स्वतः उभं राहून बघायचं. चाक मशीनच्या शंकूवर नीट मध्यभागी बसलं नाही तर सगळंच चुकतं. बसलं की नाही हे ओळखायची युक्ती सोपी आहे : मशीनने शून्य दाखवलं की कारागिराला म्हणा, 'दादा, चाक ढिलं करून अर्धा फेरा फिरव आणि परत आवळ.' पुन्हा शून्याच्या जवळ आलं तर काम चोख. वीस-तीस ग्रॅम दाखवलं तर चाक बसवण्यात गडबड आहे. थोडं तोंड वाकडं करेल, पण करेल.

चाक फिरत असताना आणखी एक बघा. टायरच्या नक्षीजवळ पेन धरून ठेवा, टेकवू नका. पेन आणि टायरमधली फट कमी-जास्त होत असेल तर रिम वाकलेली आहे किंवा टायरच्या आतला थर सुटायला लागलाय. अशा टायरला वेट लावून शून्य करता येतं, तरी तो थरथरतो, कारण त्याचं वजन सारखं असलं तरी आकार गोल नाही. तुमचे टायर गाडीएवढेच जुने आहेत. बाजूला चार आकड्यांचा शिक्का असतो. २३१९ असेल तर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला. बाजूला कुठे फुगवटा दिसला किंवा थरथर दर आठवड्याला वाढत असेल, तर त्या टायरवर समृद्धीला जाऊच नका. इथे उन्हाळ्यात पारा ४५ पर्यंत जातो, त्यात तासन्‌तास शंभरचा वेग. नवीन घ्या.

एवढं करूनही राहिलं तर पुढची चाकं मागे आणि मागची पुढे टाका, त्याच बाजूला. थरथर स्टेअरिंगमधून सीटखाली गेली तर दोष त्या चाकांतच आहे. जशीच्या तशी स्टेअरिंगलाच राहिली, तर मग हब (ज्यावर चाक बसतं तो भाग), ब्रेकची डिस्क, ड्राइव्ह शाफ्ट (इंजिनाची ताकद चाकाला देणारा दांडा) यांच्याकडे वळायचं. ड्राइव्ह शाफ्टची खूण वेगळी : अॅक्सिलरेटर दाबला की थरथर वाढते, पाय काढला की तत्काळ कमी होते. चाकाची थरथर पायाला जुमानत नाही, ती फक्त वेग बघते.

राहिली तुमच्या गॅरेजवाल्याची यादी. तिची तपासणी पाच मिनिटांची आहे. गाडी जॅकवर घेऊन खाली स्टँड लावायचा, चाक डाव्या-उजव्या बाजूंनी धरून हलवायचं : खटका लागला तर टाय रॉड. वर-खाली धरून हलवायचं : खटका लागला तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. हे तुमच्या डोळ्यांदेखत दाखवू शकत असेल तर तो पार्ट जरूर बदला, त्यात कंजुषी नको. झिजलेला पार्ट चाकाची छोटी थरथर मोठी करून हातापर्यंत पोचवतो हेही खरं. पण 'साहेब, सगळं ढिलं होऊन राहिलं' एवढ्यावर रॅक बदलायचा नाही.

चाकं बसवताना नट हवेच्या गनने एका दमात आवळू देऊ नका. समोरासमोरचे नट आळीपाळीने, शेवटचा जोर टॉर्क पान्याने, म्हणजे ठरवलेल्या जोरापर्यंतच आवळणाऱ्या पान्याने. चार चाकांचं बॅलन्सिंग वेटसकट हजाराच्या आत बसतं. मग समृद्धीवर जाऊन बघा, आणि एकदा डांबरी रस्त्यावरही. सिमेंटच्या सांध्यांची टपटप सीटखालून येते आणि डांबरावर थांबते. तिला थरथर समजून परत माझ्याकडे पत्र पाठवू नका.

प्रश्न : माझ्या गाडीचं स्टेअरिंग एरवी शांत असतं, पण ८० वरून ब्रेक लावला की हलतं आणि पायाखाली पेडलही धडधडतं. मागच्या वर्षी डिस्क बदलल्या, सहा महिन्यांत पुन्हा तेच. डिस्क खराब मिळाल्या का?
— एक वाचक, कामठी

उत्तर : ताई, डिस्कचा दोष असेलच असं नाही, पण बसवण्याचा असू शकतो. जुनी डिस्क काढली की हबच्या तोंडावर गंज असतो. तो तारेच्या ब्रशने साफ न करता नवी डिस्क लावली तर ती किंचित तिरपी बसते. मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा तिरपेपणासुद्धा पुरतो. पॅड दर फेऱ्याला डिस्कच्या एकाच जागी घासतं, काही हजार किलोमीटरमध्ये तिथली जाडी कमी होते आणि पेडल धडधडायला लागतं. नट वेडेवाकडे आवळल्यानेही हेच होतं. हबवर डायल गेज लावून तिरपेपणा मोजायला सांगा. ज्या गॅरेजमध्ये डायल गेज नाही तिथे डिस्कचं काम देऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे. डिस्क लेथवर घासून घेता येते, पण तिच्यावर किमान जाडी कोरलेली असते, तिच्या खाली गेली तर बदलायचीच.

सवयीही बघा. वेगातून जोरात ब्रेक मारून टोल नाक्याच्या रांगेत उभ्या राहिलात आणि पेडल तसंच दाबून ठेवलंत, तर तापलेल्या पॅडचा थर डिस्कवर एका जागी उमटतो. तिथे ब्रेक सोडून थोडं थोडं पुढे सरकत राहा. आणि हायवेवरून आल्या आल्या वॉशिंग सेंटरवर चाकांवर थंड पाण्याचा फवारा नको, अर्धा तास थांबा.

प्रश्न : दीड महिना गावी होतो, गाडी अंगणात उभी. आता निघालो की पहिले काही किलोमीटर थडथडते, मग बंद. नायट्रोजन भरू का?
— एक वाचक, त्रिमूर्तीनगर, नागपूर

उत्तर : नायट्रोजनचा इथे काही संबंध नाही. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. एकाच जागी उभं राहून टायर खाली चपटे झालेत. चालवून गरम झाले की गोल होतात, म्हणून थडथड थांबते. सकाळी गाडी थंड असताना दारावरच्या स्टिकरप्रमाणे हवा भरा आणि दोन-तीन वेळा लांब फेरी मारा. पंधरा दिवसांनीही तेच राहिलं तर टायर कायमचे बसलेत. पुढच्या वेळी गावी जाताना हवा दोन-तीन पीएसआय जास्त ठेवा आणि शेजाऱ्याला चावी देऊन जा, आठवड्यातून एकदा गाडी हातभर पुढे-मागे केली तरी चालतं.