आधी तुमची तपासणी करून घ्या (द्राक्षबाग सांभाळणाऱ्या दिंडोरीच्या भावाला उत्तर)

दादा, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लग्नाला चार वर्षं झाली, वहिनींच्या रक्ताच्या तपासण्या, सोनोग्राफी, नळ्यांचा एक्स-रे सगळं नॉर्मल आलं. आता डॉक्टर तुमची वीर्यतपासणी करायला सांगतात आणि आई म्हणतात, ‘आपल्या घराण्यातल्या पुरुषांत कधी दोष नव्हता, आधी त्र्यंबकला नारायण नागबळी करा.’

मी नाशिकच्या एका लॅबमध्ये बरीच वर्षं हेच सॅम्पल मायक्रोस्कोपखाली बघतोय. तपासणी याच आठवड्यात करा. खरं तर ती चार वर्षांपूर्वी नाही, तरी तीन वर्षांपूर्वी व्हायला हवी होती. वर्षभर प्रयत्न करून दिवस राहिले नाहीत की नवरा-बायको दोघांची तपासणी एकदमच सुरू करायची असते. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाच्या बाजूचं कारण असतं, कधी एकटं, कधी दोघांचं मिळून. तरी आपल्याकडे नळ्यांच्या एक्स-रेची कळ बायकोने आधी सोसायची आणि नवऱ्याने एका डबीत सॅम्पल द्यायचं ते सगळ्यात शेवटी. मला याचा मनापासून राग येतो.

‘माझं सगळं व्यवस्थित आहे’ असं तुम्ही लिहिलंय. काउंटरवर येणारा जवळजवळ प्रत्येक जण हेच म्हणतो. पण संबंध नीट होणं वेगळं आणि शुक्राणू असणं वेगळं. नसबंदी झालेल्या माणसाचा विचार करा. त्याची ताकद, इच्छा, वीर्य सगळं पूर्वीसारखंच असतं, फक्त शुक्राणू नसतात. वीर्याचा बहुतेक भाग प्रोस्टेट आणि वीर्यकोशातला द्रव असतो, त्यामुळे ते दाट की पातळ यावरून डोळ्यांना काही कळत नाही. गाव, घराणं, मिशी यांवरून तर नाहीच.

दुसरा समज म्हणजे साठवलं की जोर वाढतो. काही जण महिनाभर संयम पाळून येतात आणि सॅम्पलमध्ये हालचाल मंदावलेली दिसते. दोन ते सात दिवसांचं अंतर पुरे. सॅम्पल शक्यतो लॅबच्या खोलीतच द्या. घरून आणायचं तर तासाच्या आत पोहोचलं पाहिजे, म्हणजे दिंडोरीहून सकाळी रस्ता मोकळा असतानाच निघा. थंडीत डबी गाडीच्या डिकीत ठेवू नका, शर्टाच्या आतल्या खिशात अंगाजवळ ठेवा. कंडोममधून आणू नका. थोडं सांडलं तर लपवू नका, सांगा, कारण आकडे बदलतात.

रिपोर्टमध्ये काय बघायचं? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेप्रमाणे खालची मर्यादा अशी: एका मिलीलीटरमध्ये १ कोटी ६० लाख शुक्राणू, पुढे सरकणारे ३० टक्के, योग्य आकाराचे ४ टक्के. हो, चारच. ‘९६ टक्के खराब’ म्हणून रडवेली झालेली माणसं मी पाहिली आहेत, पण तो आकडा नॉर्मल असतो. मर्यादेच्या खाली आलात म्हणून मूल होणारच नाही असंही नाही. एका रिपोर्टवर निकाल लावू नका. शुक्राणू तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात, त्यामुळे दोन महिन्यांपूर्वीचा कडक तापसुद्धा आजच्या रिपोर्टमध्ये दिसू शकतो. तपासणी पुन्हा करावी लागते.

आता तुमच्या बागेबद्दल. १९७७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका कीटकनाशक कारखान्यातले कामगार आपसांत बोलले, तेव्हा लक्षात आलं की कुणालाच मुलं होत नाहीयेत. तपासणीत अनेकांचे शुक्राणू अगदी कमी किंवा शून्य निघाले. कारण होतं जमिनीतल्या सूत्रकृमींवरचं डीबीसीपी नावाचं औषध. पुरुष एकमेकांशी मोकळेपणाने बोलले म्हणून ते उघडं पडलं. तुमच्या फवारणीत ते औषध असेल असं मी म्हणत नाही, पण मास्क, हातमोजे, पूर्ण बाह्या आणि घरी आल्याबरोबर आंघोळ, यात हयगय नको. कोणती औषधं मारता त्यांची यादी डॉक्टरांना द्या. तंबाखू-गुटखा असेल तर तोही सांगा. वयात आल्यावर गालगुंड होऊन गोटी (म्हणजे वृषण) सुजली होती का, तेही. जिममध्ये कुणी ‘ताकदीचं’ टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन दिलं असेल तर लगेच डॉक्टरांना दाखवा, त्याने शुक्राणू तयार होणंच थांबू शकतं. गोटीवरच्या शिरा फुगणं म्हणजे व्हेरिकोसील, हे तर बऱ्याचदा सापडणारं कारण आहे आणि निवडक रुग्णांत ऑपरेशनचा उपयोग होतो. भिंतींवर नंबर रंगवलेल्या गुप्तरोगवाल्यांकडे जाऊ नका. यूरोलॉजिस्टकडे, म्हणजे मूत्ररोगतज्ज्ञाकडे जा.

नागबळीचं म्हणाल तर आईंचं मन मोडू नका. तीन दिवसांचा विधी आहे, श्रद्धेने करा. पण ‘पूजा होऊ दे, मग वर्षभर बघू’ हे मान्य करू नका. वहिनी पस्तिशीजवळ असतील तर सहा महिनेसुद्धा मोलाचे आहेत. आईंशी वहिनींना बोलायला लावू नका, तुम्ही स्वतः बोला: ‘आई, हिचं सगळं तपासून झालं, आता माझी पाळी आहे.’ वहिनींना जे टोमणे बसत असतील ते तिथेच निम्मे कमी होतील.

शून्य शुक्राणू आले तरी दार बंद होत नाही. वाटेत अडथळा असेल तर गोटीतून शुक्राणू काढून इक्सी, म्हणजे लॅबमध्ये एक शुक्राणू सुईने थेट स्त्रीबीजात सोडणं, करता येतं. पण ते पुढचं, आत्ता त्याचा घोर लावून घेऊ नका. रिपोर्ट आला की नाव झाकून इथे टाका, एकेका ओळीचा अर्थ सांगतो.