निवृत्ती तोंडावर आणि हप्ते अजून बाकी

"तीन वर्षांनी पगार थांबणार आणि घराचे हप्ते त्यानंतरही सहा वर्षं चालणार. फंडाचे पैसे हातात आले की सगळं फेडून मोकळा होऊ का?" पन्नाशी ओलांडलेली माणसं मला हे सतत विचारतात. त्यांतल्या एका कुटुंबाची हकीकत सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

गृहस्थ 57 वर्षांचे. त्यांच्या वडिलांनी कुणाचं देणं न ठेवता नोकरी संपवली होती, त्यामुळे आपण संसारात कमी पडलो असं त्यांनी मनाशी धरलं होतं. झोप उडालेली, मुलाशी बोलणं जेवढ्यास तेवढं.

कर्जाचे कागद मागवले. मुळात मुदत साठीच्या आत संपत होती. मधे व्याजदर चढले, हप्ता तोच राहिला आणि मुदत लांबत गेली. बदलत्या दराच्या कर्जात हे नेहमी घडतं आणि हप्ता बदललेला नसल्याने लक्षातही येत नाही. शिवाय सुरुवातीच्या हप्त्यांचा मोठा भाग व्याजातच जातो: 9 टक्क्यांनी 20 वर्षांचं कर्ज असेल, तर 10 वर्षं नेमाने भरूनही सुमारे 71 टक्के मुद्दल उरतं. आकडे पाहून ते म्हणाले, "म्हणजे मी पैसे उडवले नाहीत." तसं त्यांना कुणी म्हटलंही नव्हतं. स्वतःलाच ते वर्षानुवर्षं बोल लावत होते.

फंड रिकामा करायची घाई करू नका, असं मी सांगितलं. पगार थांबल्यावर नवं कर्ज मिळणं अवघड होतं, आणि आजारपणात घराच्या भिंती मोडून पैसे काढता येत नाहीत. आधी सगळ्यांत महाग कर्ज फेडायचं. पण ते कुठलं, हे घरातली सगळी देणी समोर आल्याशिवाय कसं कळणार? म्हणून पुढच्या वेळी पत्नीला आणि मुलाला बोलावलं.

मुलाने बरीच टाळाटाळ करून क्रेडिट कार्डाचं बिल पुढे केलं. तो दर महिन्याला फक्त किमान रक्कम भरत होता. महिना 3 टक्के व्याज चक्रवाढीने वर्षाला 42 टक्क्यांपुढे जातं. बाबा आधीच काळजीत म्हणून त्याने लपवलं होतं. त्याच्यावर ओझं नको म्हणून बाबांनी लपवलं होतं. मला या घरात कर्जापेक्षा ही लपवाछपवी जास्त घातक वाटली.

मुलाच्या मनात आणखी एक भीती होती. "बाबांचं कर्ज उद्या माझ्या पगारातून वसूल होईल?" सहकर्जदार किंवा जामीनदार नसेल, तर सहसा नाही, वसुली मागे राहिलेल्या मालमत्तेतून होते. मात्र गहाण असलेलं घर हातचं जाऊ द्यायचं नसेल तर बाकी भरावीच लागते.

कार्डाची बाकी कमी व्याजाच्या कर्जात वळवायची आणि कार्ड बंद करायचं, असं ठरलं. पगार आहे तोवर बाबा हप्ता वाढवून भरतील, आणि उरलेल्या कर्जासाठी फंडातला किती भाग वापरायचा ते निवृत्तीच्या वेळी पाहतील.

मुलाला स्वतःच्या घरासाठी बाबांची जामीनकी हवी होती. त्याने हप्ते थकवले तर वसुली थेट बाबांच्या पुंजीवर येऊ शकते, हे मी स्पष्ट सांगितलं. आईंना ते पटेना. "पोटच्या मुलाला नाही कसं म्हणायचं?" त्या रडू लागल्या. शेवटी मुलगाच म्हणाला, "आई, आधी मी कार्ड फेडतो. घराचं नंतर बघू, आणि तेव्हाही बाबांची सही नको."