घरातल्या सगळ्यांचे जुने शेअर आणि फंड सॉफ्टवेअरमध्ये टाकताना आजचा भाव टाकला तर चालेल का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. पोर्टफोलिओ परफॉर्मन्स हे गुंतवणुकीचा हिशेब ठेवायचं सॉफ्टवेअर उतरवून घेतलंय, तुमचं, पत्नीचं आणि वडिलांचं मिळून तीन डिमॅट आहेत, वर सात-आठ म्युच्युअल फंड. सगळं एकाच पोर्टफोलिओत घालू का, एकच शेअर तिघांकडे असेल तर तीनदा तयार करावा लागतो का, आणि वडिलांचे जुने शेअर आजच्या भावाने टाकून मोकळं व्हावं का, असं विचारलंय. पहिल्या दोन प्रश्नांना कुणीही उत्तर देईल. मी लिहायला बसले ती तिसऱ्यासाठी. आजच्या भावाने टाकू नका. काही झालं तरी टाकू नका.

आधी पहिले दोन उरकते. मी एका सहकारी दूध संघात बावीस वर्षं हिशेब बघते. किर्द-खतावणी लिहिणाऱ्या माणसाला हे समजायला अवघड नाही. खतावणीत एका असामीचं एकच पान असतं, मग तिचे व्यवहार कितीही शाखांतून होवोत. सिक्युरिटीचं तसंच. शेअर किंवा फंड एकदाच तयार करायचा, आयसिन क्रमांकावरून, म्हणजे प्रत्येक शेअर-फंडाला दिलेल्या ओळख क्रमांकावरून. नावावरून शोधत बसू नका, नावं बदलतात. शेअरचा आयसिन आयएनईने सुरू होतो, फंडाचा आयएनएफने. फंडात डायरेक्ट आणि रेग्युलर हे दोन वेगळे फंड धरा, ग्रोथ आणि आयडीसीडब्ल्यू (डिव्हिडंड देणारा) हेही वेगळे. तुमच्या पत्नीचा फंड एजंटाकडून घेतलेला असेल आणि तुमचा थेट, तर नाव सारखं दिसलं तरी एनएव्ही, म्हणजे एका युनिटचा भाव, वेगळी येणार, आणि महिनाभराने तुम्ही हिशेब का जुळत नाही म्हणून डोकं धरून बसणार.

खाती मात्र वेगवेगळी. प्रत्येक डिमॅटला शेअर-फंडांसाठी एक सिक्युरिटीज अकाउंट, त्याला जोडून रोख पैशांसाठी एक डिपॉझिट अकाउंट. तिघांचं एकत्र करू नका, कारण आपल्याकडे आधी घेतलेला शेअर आधी विकला हा नियम प्रत्येक डिमॅट खात्यापुरता वेगळा लागतो. एकत्र कालवलंत तर वडिलांच्या १९९८ च्या खरेदीवर तुमची २०२२ ची विक्री जाऊन बसेल. घराचा एकूण आकडा बघायचा असेल तर ग्रुप्ड अकाउंटची सोय आहे, तिथे हवी ती खाती एकत्र बघता येतात. आणि फाइल नवी करताना चलन रुपया आहे ना, ते आधी बघा. सॉफ्टवेअर जर्मनीतलं आहे, न बघता पुढे गेलात तर सगळं युरोत मांडून बसाल.

आता वडिलांचे शेअर.

माझे बाबा मिरजेला वीज मंडळात होते. त्यांची लाल कापडी पाठीची उभी वही होती. डाव्या पानावर घेतलेले शेअर, उजव्या पानावर आलेला डिव्हिडंड. बोनस आला की 'बो' लिहून त्याभोवती गोल करायचे. काँट्रॅक्ट नोटा, म्हणजे ब्रोकरच्या खरेदी-विक्रीच्या पावत्या, तारेत ओवलेल्या, वरच्या चार-दोन गंज लागून पिवळ्या पडलेल्या, मधल्या अजून करकरीत. लहानपणी दिवाळीच्या आवराआवरीत ती तार खाली पडली की बाबा हातातलं काम टाकून यायचे.

त्या वहीत १९९७ च्या पानावर एचडीएफसी बँकेचे १०० शेअर आहेत. जुलै २०११ ला दहा रुपयांचा दर्शनी भाव दोन झाला, शंभराचे पाचशे झाले. सप्टेंबर २०१९ मध्ये दोनाचा एक झाला, पाचशेचे हजार. दोन्ही वेळा बाबांनी जुन्या ओळीवर काट न मारता खाली नवी ओळ लिहिली आहे, तारखेसकट.

मे २०२१ मध्ये बाबा गेले. डिमॅटला आई नॉमिनी होती, शेअर तिच्या खात्यात आले. आईच्या ब्रोकरच्या ॲपने त्या शेअरना खरेदीची तारीख म्हणून खात्यात आले तो दिवस लावला आणि खरेदीचा भाव म्हणून त्या दिवशीचा बाजारभाव. पुण्याहून दादा आला होता. मी म्हटलं, हे दुरुस्त करू, वही आहे. तो म्हणाला, "आता कशाला उकरतेस? आजचा भाव आरंभीची शिल्लक म्हणून धर आणि मोकळी हो." मी हिशेबातली बाई. आरंभीची शिल्लक अशी मनाने धरत नाहीत, मागच्या वर्षाच्या अखेरच्या शिलकीवरून आणतात. पण घरात दुःख होतं, मी गप्प बसले.

फेब्रुवारी २०२३ मध्ये घराच्या स्लॅबसाठी आईने त्यातले ३०० शेअर विकले. विवरणपत्र दादाने भरलं, ॲपमधला नफा बघून. नफा लाखाच्या आत होता, म्हणजे तेव्हाच्या नियमाने कर शून्य. त्या गणेशोत्सवात सगळे जमलो असताना जेवणाच्या ताटावर दादा म्हणाला, "दोन वर्षांत शेअर जागचा हलला नाही. एफडी बरी होती. बाबा जन्मभर या नादात राहिले, हाती काय लागलं?" आई काही बोलली नाही. तिने वाटीतला भात परत पातेल्यात ठेवला. मला त्या दिवशी उत्तर देता आलं नाही, कारण माझ्याकडे आकडा नव्हता.

गौरी-गणपती विसर्जन झाल्यावर मी सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. रोज रात्री नऊ ते अकरा, दोन महिने. बाबांचं खातं त्यांच्याच नावाने उघडलं आणि १९९७ पासून एकेक ओळ भरली. जुन्या खरेदीला बँकेतली जमा-खर्चाची बाजू मिळत नाही, म्हणून ती 'बाय' म्हणून न टाकता 'डिलिव्हरी इनबाउंड' म्हणून, म्हणजे नुसती शेअरची आवक म्हणून टाकायची, म्हणजे रोख खातं उगाच उणे होत नाही. तारीख आणि रक्कम मात्र काँट्रॅक्ट नोटवरची, दलालीसकट. मे २०२१ ला बाबांच्या खात्यातून आईच्या खात्यात शेअर नेले, ते ट्रान्सफर म्हणून. एकाने विकले आणि दुसऱ्याने घेतले अशी नोंद केली नाही, कारण तसं झालेलंच नव्हतं.

स्प्लिटपाशी, म्हणजे वर सांगितलं तसा दर्शनी भाव कमी होऊन शेअर वाढतात तिथे, माझे चार दिवस गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून सांगते. स्प्लिटची नोंद करताना सॉफ्टवेअर दोन गोष्टी विचारतं: जुने व्यवहार बदलू का, आणि जुने भाव बदलू का. याहू फायनान्सवरून आलेले जुने भाव आधीच स्प्लिटप्रमाणे कमी केलेले असतात. त्यामुळे फक्त व्यवहारांना होकार द्यायचा, भावांना नाही. मी दोन्हींना दिला आणि बाबांची १९९७ ची गुंतवणूक पंचवीस वर्षांत कधी पाचपट, कधी पाचाव्या हिश्शाने अशी उड्या मारायला लागली. आणखी एक, आपल्याकडे दर्शनी भाव बदलला की आयसिनही बदलतो. जुन्या काँट्रॅक्ट नोटवरचा क्रमांक घालून शोधलंत तर काही सापडणार नाही. पान तेच ठेवा, क्रमांक आजचा लिहा, जुना शेऱ्यात.

जुलै २०२३ ला एचडीएफसी बँकेत एचडीएफसी ही गृहकर्ज देणारी वेगळी कंपनी विलीन झाली. बाबांनी २०१४ मध्ये घेतलेले एचडीएफसीचे ५० शेअर होते. २५ ला ४२ या प्रमाणाने ८४ बँकेचे शेअर आले. दादाच्या लेखी "ते ५० विकले गेले." विकले गेले नाहीत. एका पानावरून जावक, दुसऱ्या पानावर आवक, रक्कम तीच, आणि खरेदीची तारीख २०१४ चीच शेऱ्यात. उरलेले सातशे आणि हे चौऱ्याऐंशी मिळून सातशे चौऱ्याऐंशी. ऑगस्ट २०२५ ला एकास एक बोनस आला, आज आईच्या खात्यात १५६८ आहेत आणि डिमॅटच्या स्टेटमेंटशी शेअरचा आकडा जुळतो. ताळा नेहमी नगांचा घ्या, रकमेचा नको. रकमेत भाव उशिरा आला तरी फरक दिसतो, नगांत चूक लपत नाही.

वहीच्या मागच्या पानांवर नव्वदच्या दशकातल्या तीन फायनान्स कंपन्या होत्या. तिन्ही बुडाल्या. सर्टिफिकेटं अजून कपाटात आहेत. खरं सांगायचं तर ती पानं वगळावीत असं एका रात्री माझ्या मनात आलं होतं. बाबांनी वगळली नव्हती. बावीस हजार रुपये आणि पुढे काही नाही, एवढं त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं होतं. मग मीही भरली, भाव हाताने शून्य टाकून.

सगळं मिळून, बुडालेलं धरून, डिव्हिडंड धरून, बाबांच्या पैशावर वर्षाला साडेतेरा टक्के सुटले होते. एकट्या एचडीएफसी बँकेचा आकडा वीसच्या वर आहे. मी पडद्याचा फोटो दादाला पाठवला.

आणि त्याच कामातून दुसरी गोष्ट बाहेर आली. वारसाने आलेल्या शेअरची खरेदी किंमत ही मूळ माणसाने दिलेली किंमत असते, आणि किती काळ ठेवला हेही त्याच्या खरेदीपासून मोजतात. त्यात फेब्रुवारी २०१८ च्या आधी घेतलेल्या सूचिबद्ध शेअरना खरेदी किंमत म्हणून ३१ जानेवारी २०१८ चा भाव धरायची सवलत. तसं मांडल्यावर आईच्या ३०० शेअरचा नफा लाखाच्या वर गेला. दादाने भरलेलं विवरणपत्र चूक होतं. डिसेंबर संपायच्या आत सुधारित विवरणपत्र भरलं, कर आणि वर व्याज दिलं. आजचा भाव टाकून मोकळं होण्याची ही किंमत आहे, आणि ती आईच्या पासबुकातून गेली. म्हणून तुमचा प्रश्न वाचून मला राहवलं नाही.

हेही सांगायला हवं. दादाने दोन वर्षांचा आकडा बरोबर वाचला होता. मे २०२१ पासून शेअर खरंच फारसा हलला नव्हता, आणि त्या मुदतीपुरतं त्याचं म्हणणं खोटं नाही. सॉफ्टवेअरमध्ये मुदत निवडता येते, तीच मुदत लावून मीही पाहिलं. तो आकडा त्याने बाबांच्या पंचवीस वर्षांवर लावला, हे चुकलं. तुमच्या वडिलांच्या बाबतीत उलटंही निघेल. पूर्ण इतिहास भरल्यावर एफडीपेक्षा कमी सुटलेलं दिसलं तर तेही तसंच राहू द्या.

काही गोष्टी राहिल्या. हे सॉफ्टवेअर आपल्या कराचं गणित करत नाही. बोनस मी त्यात स्प्लिटसारखाच दाखवलाय, पण करासाठी बोनस शेअरची किंमत शून्य आणि तारीख बोनसची, म्हणून त्याचा वेगळा तक्ता ठेवलाय. विकण्याआधी सीएला दाखवा. वडिलांच्या काँट्रॅक्ट नोटा हरवल्या असतील तर त्यांनाच विचारा, ते आहेत तोवर. एक रविवार त्यांच्याशेजारी बसा. ब्रोकरकडे जुने लेजर मागा, बँकेच्या पासबुकात चेकच्या तारखा सापडतात. फंडांचं एवढं अवघड नाही. कॅम्स आणि केफिनटेक या फंडांच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपन्यांचं एकत्रित तपशीलवार स्टेटमेंट हवी तेवढी मागची मुदत टाकून ईमेलवर मागवता येतं. त्यात पाच हजारांच्या एसआयपीपुढे ४९९९.७५ दिसलं तर घाबरू नका. जुलै २०२० पासून ०.००५ टक्के मुद्रांक शुल्क कापतात, ते पंचवीस पैसे कराच्या रकान्यात टाका, नाहीतर तिसऱ्या दशांशाला युनिट जुळत नाहीत. फंडाची एनएव्ही एमएफएपीआय या संकेतस्थळावरून आपोआप आणता येते, स्कीम कोड घालून. तारीख दिवस-महिना-वर्ष या क्रमाने येते, तो क्रम सॉफ्टवेअरला सांगावा लागतो.

आणि घरात फक्त दोन-तीन एसआयपी असतील, जुनं काही नसेल, तर एवढा खटाटोप करूच नका. ते स्टेटमेंट पुरे आहे.

पीपीएफबद्दल शेवटच्या ओळीत विचारलं होतं. तो सिक्युरिटी म्हणून टाकू नका. साधं डिपॉझिट अकाउंट उघडा, भरणा जमा करा आणि ३१ मार्चचं व्याज पासबुकात पडलं की त्याच तारखेला नोंदवा.