वाचकांचे प्रश्न: ऑफिसची सायकल आणि किलोमीटरचा हिशेब

गेल्या वेळी सायकलवर दोन ओळी काय लिहिल्या, यावेळी पत्रं नुसती त्याचीच! आणि बहुतेकांना विचारायचंय एकच, की रोज कामाला सायकलने जातो, इतकी वर्षं झाली, तर एकूण किलोमीटर किती झाले हे कसं मोजायचं. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं सगळ्यांची गाळली आहेत.

प्रश्न: ताई, नऊ वर्षं सायकलने ऑफिसला जातोय. सुरुवातीला काहीच लिहून ठेवलं नाही, मग सायकल कॉम्प्युटर (किलोमीटर मोजणारा छोटा मीटर) लावला, त्याचा सेल गेला आणि आकडा शून्यावर आला, मग मोबाईलवर ॲप घेतलं, मग मोबाईलच बदलला. आता एकूण आकडा काढायचाय पण सगळं तुकड्यातुकड्यात आहे. काय करू?

उत्तर: अहो तुमचं काम तुम्हाला वाटतंय त्यापेक्षा सोपं आहे, कारण तुम्ही रोज त्याच रस्त्याने जाता! फिरायला जाणाऱ्याला हा हिशेब जमत नाही, त्याचा रस्ता रोज वेगळा. तुमचा ठरलेला आहे, म्हणजे एक फेरी नीट मोजली की उरतो फक्त एकच प्रश्न, फेऱ्या किती झाल्या. तेव्हा किलोमीटरच्या मागे लागू नका, फेऱ्या मोजा, किलोमीटर गुणाकाराने निघतात.

समजा एका बाजूचं अंतर 8.2 किलोमीटर, म्हणजे जाऊन येऊन 16.4, आणि वर्षात 230 दिवस सायकल काढली, तर 3772 किलोमीटर झाले. आता गंमत बघा. रस्ता 8.2 ऐवजी खरा 8.0 निघाला तर चूक होते साधारण अडीच टक्क्यांची. पण 230 म्हणता म्हणता त्यात वीस दिवस असे निघाले की त्या दिवशी आजारी होता, बाहेरगावी होता किंवा कुणाच्या तरी गाडीतून गेला होता, तर चूक साडेआठ टक्क्यांच्या वर गेली. म्हणजे चूक रस्त्यात कमी असते, दिवसांत जास्त असते, आणि लोक मात्र दशांश चिन्हानंतरच्या आकड्यावरून डोकं फोडत बसतात.

म्हणून आधी दिवस शोधा. ऑफिसची हजेरी, रजेच्या नोंदी, पगाराच्या स्लिपवर रजा लिहिलेल्या असतात त्या, मोबाईलमधले फोटो, प्रवासाची तिकिटं, जे मिळेल ते. घर किंवा ऑफिस कधी बदललं ती तारीख सगळ्यात महत्त्वाची, कारण तिथून रस्ताच बदलतो. हजेरीतून कळतं तुम्ही ऑफिसात होता, सायकलने गेला होता हे कळत नाही, तेव्हा त्यातून थोडे दिवस हात सैल सोडून वजा करा.

मग वहीत तीन रकाने करा. पहिल्यात फक्त मीटरवर किंवा ॲपमध्ये खरोखर दिसलेले आकडे. दुसऱ्यात फेऱ्या गुणिले अंतर असं काढलेलं. तिसऱ्यात निव्वळ अंदाज, आणि तो गोल आकड्यातच लिहा, 3000 म्हणा, 3047 म्हणू नका, अंदाजाला शेवटी सात लावला म्हणून तो मोजमाप होत नाही! कुणी विचारलं तर तिन्हीची बेरीज सांगा, पण रकाने एकमेकांत मिसळू देऊ नका, पुढे कधीतरी जुना मोबाईल सापडतो किंवा जुन्या अकाउंटचा पासवर्ड आठवतो, तेव्हा अंदाज खोडून तिथे खरा आकडा लिहिता येतो.

प्रश्न: मी 28 मिलिमीटर रुंदीचे टायर काढून 38 चे जाड टायर टाकले. रस्ता तोच, पण आधी मीटर 8.2 दाखवायचा, आता 8.0 दाखवतो. जीपीएसवाला ॲप कधी 8.1 म्हणतो कधी 8.3. खरं कुणाचं मानायचं?

उत्तर: यात सध्या मीटर चुकतोय, पण बिचाऱ्याचा दोष नाही. चिमट्यावरचा सेन्सर स्पोकवरचं मॅग्नेट किती वेळा समोरून गेलं तेवढंच मोजतो, आणि तुम्ही सेटिंगमध्ये चाकाचा जो घेर भरलाय त्याने गुणतो. 700 बाय 28 च्या टायरचा घेर साधारण 2136 मिलिमीटर धरतात, 700 बाय 38 चा 2180. जाड टायरचं चाक मोठं, म्हणून त्याच रस्त्यावर ते कमी वेळा फिरतं, आधी जवळपास 3840 फेरे व्हायचे आता 3760 होतात, पण मीटर अजून जुन्याच 2136 ने गुणतोय म्हणून 8.0. फरक दोन टक्के. एका दिवसात काही वाटत नाही, पण मीटरवर 4000 किलोमीटर दिसेपर्यंत ऐंशीएक किलोमीटर गायब झालेले असतात.

तक्त्यातला घेर भरण्यापेक्षा स्वतः मोजा. टायरमध्ये नेहमीची हवा भरा, व्हॉल्व्ह बरोबर खाली आणून जमिनीवर खडूची खूण करा, मग सायकलवर बसून (हे महत्त्वाचं, तुमच्या वजनाने टायर दबतो) सरळ रेषेत पुढे न्या, व्हॉल्व्ह तीन वेळा खाली येऊ द्या, तिथे दुसरी खूण, टेपने अंतर मोजा आणि तीनने भागा. कुणीतरी धरायला बरोबर असेल तर बरं. मोजायचं ते चाक ज्याला मॅग्नेट आहे ते, पुढच्या मागच्या टायरमध्ये कधी कधी फरक असतो. टायर झिजतो तसा घेरही कमी होतो, रबर 1 मिलिमीटर झिजलं की घेर सहा मिलिमीटरच्या थोडा वर कमी होतो, म्हणजे 0.3 टक्के, त्यासाठी परत मोजायची गरज नाही. टायर बदलला की मात्र मोजायचंच.

आता जीपीएस. तो मध्ये मध्ये ठिपके टाकतो आणि ठिपके सरळ रेषेने जोडतो. वळणावर रेषा आतून जाते, अंतर कमी भरतं. उंच इमारतींमध्ये सिग्नल भिंतींवर आपटून येतो, ठिपका रस्ता सोडून बाजूला पडतो, रेषा नागमोडी होते, अंतर जास्त भरतं. लाल दिव्याला थांबलात आणि ऑटो पॉज (थांबलात की मोजणं आपोआप थांबवायची सोय) बंद असेल तर उभ्या उभ्या ठिपके इकडेतिकडे सरकतात, तेही धरलं जातं. म्हणून रोज वेगळा आकडा. चढाचं मात्र मनावर घेऊ नका, बरेच लोक म्हणतात जीपीएस नकाशावरचं आडवं अंतर मोजतो त्यामुळे चढ बुडतो, पण 6 टक्के चढावरसुद्धा किलोमीटरमागे दोन मीटरचाही फरक पडत नाही.

रोजच्या रस्त्यासाठी नीट घेर भरलेला चाकाचा मीटर जास्त भरवशाचा, माझं मत हेच. आठदहा दिवसांचे मीटरचे आकडे घ्या, त्यातला मधला निवडा, आणि तो तुमचा फेरीचा आकडा म्हणून कायमचा लिहून टाका.

प्रश्न: रोज लिहायचं ठरवते आणि चौथ्या दिवशी विसरते. सोपा उपाय सांगा ना. वही बरी, एक्सेल बरं की ॲप?

उत्तर: रोज लिहूच नकोस! महिन्याच्या शेवटच्या दिवशी ओडोमीटरचं, म्हणजे मीटरवरच्या एकूण किलोमीटरचं, रिडिंग लिहायचं, बास. तारीख, कुठली सायकल, रिडिंग. या महिन्याच्या आकड्यातून मागच्या महिन्याचा वजा केला की झालं, एखादा महिना विसरलीस तरी पुढच्या रिडिंगमध्ये तो येतोच, हरवत काहीच नाही. रोजच्या नोंदीत एक दिवस गेला की गेला. कॅलेंडरवर सायकलच्या दिवशी बारीक टिंब मारता आलं तर दुधात साखर, कारण मग टिंबं गुणिले फेरी आणि मीटरचा फरक हे दोन्ही आकडे एकमेकांना तपासतात. दोन्हीत बराच फरक आला तर समजायचं मॅग्नेट सरकलंय किंवा टिंब मारायला विसरलीस.

सेल बदलायच्या आधी रिडिंग लिहून ठेव, हे मीटरच्या मागे चिकटवून ठेवलं तरी चालेल. बहुतेक छोट्या मीटरमध्ये सीआर 2032 नावाचा बटन सेल असतो आणि जुन्या मॉडेलमध्ये तो काढला की आकडा पुसला जातो. बऱ्याच मीटरमध्ये सेटिंगमध्ये जाऊन जुना आकडा परत भरता येतो, तुझ्यात ती सोय आहे का ते माहितीपुस्तिकेत बघ. नसेल तर वहीत रेघ मारून लिहायचं, इथून मीटर शून्य, आणि पुढे चालू.

ॲप वापरायला हरकत काहीच नाही, फक्त तीच एकमेव प्रत ठेवू नकोस. वर्षातून एकदा डेटा डाउनलोड करून घे, राइड्स साधारण जीपीएक्स फाइलमध्ये (जीपीएसचे ठिपके साठवलेली फाइल) मिळतात, त्या दुसऱ्या ॲपमध्येही उघडतात. आणि घर व ऑफिसच्या आसपासचा भाग लपवायची सेटिंग चालू कर, कारण कामावर जाणाऱ्याची राइड रोज त्याच दारातून त्याच वेळेला सुरू होते, ती सगळ्यांना दाखवायचं कारण काय? 2018 च्या जानेवारीत स्ट्राव्हा या राइड नोंदवायच्या ॲपच्या नकाशावर लोकांच्या राइड आणि धावण्याच्या रेषांवरून लष्करी तळांच्या जागा दिसतायत हे लक्षात आलं होतं आणि जगभर बातम्या झाल्या होत्या, तिथे तर नावंही नव्हती.

प्रश्न: इतकं मोजून उपयोग काय? मित्रांना सांगायला आकडा, एवढंच ना?

उत्तर: सांगायला तर हवाच, त्यात लाजायचं काय! पण खरा उपयोग सायकलच्या पार्टसाठी होतो. नवी चेन टाकली त्या दिवशीचं रिडिंग लिहा, टायर टाकला त्या दिवशीचं, ब्रेक पॅडचं. दोनतीन चेन झाल्या की तुमच्या रस्त्यावर, तुमच्या धुळीत, तुमच्या तेल घालण्याच्या सवयीने चेन किती टिकते हे कळतं, आणि तो आकडा दुसऱ्या कुणाच्या आकड्यापेक्षा तुम्हाला जास्त कामाचा.

किलोमीटर भरले म्हणून चेन फेकायची मात्र नाही, किलोमीटर भरत आले की मोजायला घ्यायची. चेनच्या एका पिनच्या मध्यापासून मोजायला सुरुवात करा, चोवीस कड्या मोजून जी पिन येते तिच्या मध्यापर्यंत नव्या चेनमध्ये बरोबर 304.8 मिलिमीटर, म्हणजे 12 इंच भरतात. 306.3 च्या आसपास गेली की अर्धा टक्का वाढली, बदलायचा विचार सुरू करा, 307 च्या वर गेली तर उशीर झाला म्हणायचा. चेन तशीच ताणत राहिलात तर मागची चक्रं तिच्या मापाने झिजतात, मग नवी चेन त्यावर घसरते आणि सगळंच बदलावं लागतं.

एकापेक्षा जास्त सायकली असतील तर प्रत्येकीचं पान वेगळं. चाकं या सायकलची त्या सायकलला लावत असाल तर मग टायरचंही वेगळं पान करा, पण तितकं वेड सगळ्यांना झेपत नाही.

प्रश्न: मित्र म्हणतो एडिंग्टन नंबर काढ. रोजचे जाऊन येऊन 16.4 किलोमीटर धरून काढला तर 16 आला आणि कितीही वर्षं चालवली तरी 16 च राहणार म्हणे. हे काय आहे?

उत्तर: आर्थर एडिंग्टन म्हणजे मोठे खगोलशास्त्रज्ञ, आणि सायकलचे शौकीन. त्यांनी स्वतःसाठी एक आकडा ठरवला होता: निदान E दिवस, प्रत्येक दिवशी निदान E मैल सायकल चालवली, असा जो सगळ्यात मोठा E, तो तुमचा नंबर. सुब्रह्मण्यन चंद्रशेखरांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी स्वतःचा नंबर 77 सांगितला होता, 1944 मध्ये वारले तेव्हा तो 84 होता. म्हणजे 84 दिवस असे की दर दिवशी 84 मैल किंवा जास्त!

तुम्ही रोज 16.4 किलोमीटर जाता, म्हणून किलोमीटरमध्ये नंबर 16 वर अडकला. मित्र बरोबर बोलतोय, सतरा व्हायला सतरा दिवस 17 किलोमीटर हवेत. आणि मैलात काढला तर 10 च. तो लांब राइड मारणाऱ्यांचा खेळ आहे, रोज कामावर जाणाऱ्याची चिकाटी त्यात दिसतच नाही, तेव्हा वाईट वाटून घेऊ नका. फारच खुमखुमी असेल तर परत येताना थोडा लांबचा रस्ता धरा.

प्रश्न: पृथ्वीला एक फेरी पूर्ण व्हायला किती वर्षं लागतील? मुलगी विचारते.

उत्तर: विषुववृत्तावर पृथ्वीचा घेर 40,075 किलोमीटर. वर्षाला वरच्या उदाहरणातले 3772 धरले तर साडेदहा वर्षांच्या थोडं वर. मुलीला हेही सांगा की टॉमी गॉडविन नावाच्या इंग्लिश सायकलपटूने 1939 या एकाच वर्षात 1,20,805 किलोमीटर केले होते, दिवसाला सरासरी 331, आणि तेही मीटरला सील ठोकून आणि ठिकठिकाणी साक्षीदारांच्या सह्या घेऊन, म्हणजे नोंदीची कटकट आपल्यालाच आहे असं नाही. अमांडा कोकरने 2017 मध्ये वर्षभराचा आकडा 1,39,326 वर नेला. गॉडविनचं एक वर्ष गाठायला तुम्हाला 32 वर्षं लागतील, असंही सांगा, तिला मजा येईल.

प्रश्न: आता बॅटरीची सायकल घेतली आहे. तिचे किलोमीटर जुन्या बेरजेत धरायचे का?

उत्तर: धरा की, पेडल मारलंच ना. फक्त पान वेगळं ठेवा, कारण तिची चेन आणि ब्रेक पॅड वेगळ्या हिशेबाने झिजतात. घरात एका जागी उभ्या केलेल्या सायकलवरचे किलोमीटर मात्र मी धरणार नाही, तुमचं तुम्ही बघा.

प्रश्न: सेल बदलल्यापासून माझा रोजचा 16.4 चा रस्ता 10.2 दाखवतो. मीटर बिघडला का?

उत्तर: नाही हो, तो मैलात गेलाय. सेटिंगमध्ये केएम निवडा, आणि मधल्या दिवसांचं जे रिडिंग मैलात लिहून ठेवलं असेल त्याला 1.609 ने गुणा.